तोंडात दोरा

आमच्या घरात सकाळी कुणी बोलत नसे, कारण सगळ्यांच्या तोंडात दोरा असे. मखमलाबादच्या अलीकडे आमचा फुलांचा मळा होता. गुलाब, मोगरा, निशिगंध आणि दसऱ्याच्या तोंडावर झेंडू. नाना, म्हणजे माझे वडील, झुंजूमुंजू होताच पाट्या भरून आणत आणि पडवीतल्या ओल्या गोणपाटावर ओतत. मग आई, मी आणि आत्या भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायचो. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातांत, आणि दोन्ही हात फुलांत. ऊन चढायच्या आत हार पंचवटीत पोचले पाहिजेत म्हणून नाना अंगणात सायकलला करंड्या बांधत येरझाऱ्या घालायचे. विहिरीवरच्या मोटारीची घरघर, चुलीवरच्या गुळाच्या चहाचा वास, आणि अधूनमधून लांब देवळालीकडून येणारा तोफांचा दबका धडाका. लष्कराचा सराव असायचा तिकडे. नवखा पाहुणा दचकायचा, आमच्यापैकी कुणी मानही वर करत नसे. ओल्या दोऱ्याची ती तुरट चव अजून कधी कधी माझ्या दातांखाली येते. आता त्या मळ्यावर रो-हाऊस उभी आहेत आणि मी गजरा विकत घेते, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीतला.

आत्या ही नानांची थोरली बहीण; ते तिला आक्का म्हणत. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत परत आली. का आली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. घर तिच्या शब्दावर चाले, आणि दोरा एकदा तोंडातून निघाला की त्या तोंडाला लगाम नसे. आई भाकरी थापायला बसली की आत्या लांबूनच म्हणायची, "इंदू, भाकरी कर गं बाई, नकाशा नको काढू." आई धुसफुसत भाकरी गोल करायची आणि रात्री नानांच्या कानाशी लागायची. आत्याला शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटलेलीच लागे. बाजारातून परतताना नाना तिच्यासाठी भेळभत्त्याची पुडी आणत, आणि ती पुडी ती माझ्याशिवाय कुणाच्या हाती लागू देत नसे. शिव्याही मलाच सगळ्यांत जास्त खाव्या लागत, हेही सांगून टाकते.

तोंडात दोरा आणि हात गुंतलेले, मग काम सांगायचं कसं? डोळ्यांनी. ही आत्याची पद्धत. मी तिच्या डाव्या अंगाला, जरा खाली पाटावर बसून फुलं निवडून तिच्या बोटांत द्यायचे. तिनं डोळे वर केले, अगदी छपराकडे, की समजायचं, "हं, दे." डोळे गच्च मिटले की, "नको, हे डागाळलंय, टाक." बाजूला डोळे फिरवले की, "सरक, उजेड अडवतेस." काठ तपकिरी पडलेला मोगरा मी लबाडीनं चांगल्यात मिसळून द्यायचे आणि ती न चुकता डोळे मिटायची. वर्षानुवर्षं हे चाललं. ही काही भाषा आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. भुवई उडवण्यासारखी एक लकब, एवढंच.

मी सतरा वर्षांची असेन. उन्हाळा होता, मोगरा भरात होता. हार ओवता ओवता आत्या कलली आणि तिचं डोकं फुलांच्या ढिगात टेकलं. आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि चक्क हसलो. आत्याला डुलकी लागली म्हणून! दोरा तिच्या दातांतच होता. मग तो सुटला, आणि तोंडातून लाळेची तार आली. नाना "आक्का, आक्का" करत धावले. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. शेजारच्यांचा टेम्पो, आईच्या पदराला अडकलेल्या पाकळ्या, दवाखान्यातला फिनेलचा वास.

मेंदूच्या बुडाशी रक्ताची गाठ अडकली होती. बरेच दिवस तिथं ठेवून शेवटी मोठ्या डॉक्टरांनी नानांना बाजूला घेतलं. "श्वास चालू आहे, हृदय चालू आहे. पण आता त्यांना काही कळत नाही. माणूस म्हणून काही उरलेलं नाही. घरी न्या, होईल तेवढी सेवा करा." नाकातून पोटात गेलेली एक नळी दिली आणि तिच्यातून पेज कशी सोडायची ते आईला शिकवलं. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी चिमटे काढून पाहिलं, हाका मारून पाहिलं, हातपाय काही हलले नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं.

मधल्या खोलीत बाज टाकली आणि आत्याला तिच्यावर निजवलं. डोळे उघडे, पण नजर कुणाच्या मागे फिरेना. मला त्या खोलीत बसायला मज्जाव होता. असल्या ठिकाणी कुवार पोरीनं बसू नये, असं म्हणत. त्यामुळं पडवीतलं हार ओवणं माझ्या एकटीवर आलं, आणि खोलीतलं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. भेटायला येणारी माणसं काय बोलत! तिच्या उशाशी बसून, चहा पीत, "सुटली तर बरं," "हिची लुगडी कुणाला देणार?" "इंदूचे भोग सरंना बाई." कुणीतरी म्हणालं, तोफेचा एवढा मोठा आवाज झाला तरी दचकत नाही, म्हणजे कानही गेलेत. आमच्या मळ्यात तोफेला कधी कोण दचकलं होतं? पण तेव्हा मलाही ते पटलं.

आणि मधूनच आतून आरडाओरडा उठायचा, "डोळं फिरवलं! डोळं फिरवलं! गंगेचं पाणी आणा!" आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. माणूस जाताना डोळे वर करतो हे सगळ्यांना ठाऊक. आई तांब्या घेऊन धावायची, तुळशीचं पान घालून चमचाभर पाणी आत्याच्या ओठांत सोडायची. आत्याला ठसका लागायचा, घशात घरघर व्हायची, बायका रडायला लागायच्या. मग डोळे पुन्हा खाली यायचे आणि सगळे हिरमुसून बसायचे. हिरमुसून म्हणते आहे, कारण ते तसंच दिसायचं. रोज मरणाची तयारी आणि रोज ते हुकायचं. माणसं थकून गेली होती.

तेव्हा काशीमामी आली. ही नानांची मामी, आडगावची. कुठल्याही मयताला पहिली हजर आणि शेवटी उठणारी. तिनं आत्याकडे नुसतं पाहिलं आणि निदान केलं.

"हिचा जीव कशात तरी अडकलाय. म्हणून जात नाय."

"कशात अडकंल, मामी?" नानांनी विचारलं.

"ते मला काय ठावं? दशक्रियेला कावळा शिवत नाय तवा आपण काय करतो? एकेक जण पुढं होऊन वचन देतो का नाय? पोरांना सांभाळू म्हणावं, कर्ज फेडू म्हणावं. बरोबर वचन आलं की कावळा शिवतो. हिला आत्ताच द्या वचनं. हिला कशाला ताटकळत ठेवता? अन् ती नळी बंद करा आधी. जीव त्या नळीनं बांधून ठेवलाय."

पंचवटीपासून हाकेच्या अंतरावर राहणारी माणसं आम्ही. गंगेवर रोज कुणाची ना कुणाची दशक्रिया, रोज पिंडाभोवती कावळ्याची वाट बघत उभी असलेली माणसं. आम्हाला ते बोलणं वेडगळ वाटलं नाही, उलट दयेचं वाटलं. नाना रडले आणि हो म्हणाले. त्या संध्याकाळपासून आईनं पेज सोडणं थांबवलं. सकाळी वचनं द्यायची, आणि तरीही जीव गेला नाही तर नळी काढून टाकायची, पुढं फक्त गंगेचं पाणी. मी स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून ऐकलं. आणि सकाळच्या हारांसाठी दोरे भिजत घातले.

सकाळी सगळे बाजेभोवती जमले. आधी काशीमामीनं भेळभत्त्याचा एक मुरमुरा आत्याच्या ओठांना लावला. मग आई पुढं झाली. "आक्का, तुमच्याशी लय भांडले. आता तुमच्या नावानं कधी वाकडं बोलणार नाय. जा सुखानं." काही नाही. मग काशीमामी स्वतःच घसा खाकरून म्हणाली, "तुझं ते पितळेचं घंगाळ माझ्याकडंच हाय गं. परत देते. जा तू." आम्ही सगळे चकित झालो, त्या घंगाळाबद्दल ती देवाशपथ नाही म्हणत आली होती. तरी काही नाही. मग काशीमामीनं मान वळवून मला हाक मारली. "पोरीला आणा. पोरीत जीव असंल तिचा. बेबी, तुझ्या हातची माळ घाल तिच्या गळ्यात."

माझी माळ अर्धीच झाली होती. मी करंडी घेऊन आत गेले आणि उरलेली फुलं ओवायला खाली जमिनीवरच बसले, बाजेच्या डाव्या अंगाला. दोरा दातांत धरला. इतक्या दिवसांत मी तिला उभ्यानं, दारातून, ओझरतंच पाहिलं होतं. आता खालून पाहिलं. रोज सकाळी जिथून दिसायचा तिथूनच तिचा चेहरा दिसला. आणि तिनं डोळे वर केले.

"फिरवलं! डोळं फिरवलं!" काशीमामी ओरडली. "पोरीतच जीव होता बघ! इंदू, पाणी!"

आणि माझा हात पुढं झाला होता. निवडलेलं मोगऱ्याचं फूल चिमटीत धरून तिच्या बोटांपाशी. मी ठरवून केलं नाही. हात आधी गेला आणि मग मला कळलं की हात गेलाय, आणि त्याच्याही मागून कळलं की तो का गेला. तिनं "दे" म्हटलं होतं! ओरडायचं होतं आणि तोंडात दोरा होता, आणि मी वेड्यासारखी तो काढायचाच विसरले.

करंडीत एक काठ डागाळलेलं फूल होतं. ते उचललं आणि तिच्या तोंडासमोर धरलं. आत्यानं डोळे मिटले. नुसते मिटले नाहीत, गच्च मिटले, पूर्वी मिटायची तसेच रागानं. चांगलं फूल धरलं. डोळे वर. डागाळलेलं. मिटले. आई चमचा घेऊन वाकली होती, मी तिच्या हाताला हिसडा दिला, पाणी सगळ्या पांघरुणावर सांडलं.

"बेबे, भूत शिरलं काय तुझ्यात?" आई ओरडली.

"ती आहे!" मी दोरा थुंकून किंचाळले. "ती हाय आतमध्ये! ती बोलतेय! नाना, ती कवापासून बोलतेय!"

कुणाला काही उमगेना. काशीमामी मला दंडाला धरून ओढायला लागली. नाना मात्र जागचे हलले नाहीत. फुलांच्या घरातला माणूस तो, ती खूण त्यांनीही जन्मभर पाहिलेली. ते हळूच गुडघ्यांवर बसले, माझ्याशेजारी, आणि आत्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"आक्का, हायेस का गं?"

डोळे वर.

"समदं ऐकू येतंय?"

डोळे वर.

मग नानांनी विचारलं, "भूक लागली?"

आत्याचे डोळे वर गेले आणि वरच राहिले, खाली येईचनात. बुबुळांच्या खालचा पांढरा भाग थरथरत होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. नानांनी बाजेच्या काठावर कपाळ आपटलं. आई चुलीकडे धावली. पेज ढवळताना तिच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि काशीमामी पांघरुणावर सांडलेलं पाणी पदरानं टिपत होती.

मी आज साठी ओलांडली आहे. आयुष्यात मरणं पाहिली, अपघात पाहिले, पण त्या सकाळइतकी मी कधीच हादरले नाही. मेलेलं माणूस जिवंत झालं असतं तर आनंद झाला असता. हे निराळंच होतं. ती कुठं गेलीच नव्हती. आम्ही तिच्यासमोर चहा पीत होतो, लुगडी वाटत होतो, आणि ती आतून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि तो शब्द म्हटला की आम्ही रडायला लागायचो आणि तिच्या घशात पाणी ओतायचो.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढला. कागदाची लांबच लांब पट्टी, तिच्यावर शाईच्या बारीक लाटा. नानांनी विचारलं, "यात काय दिसतंय, साहेब?"

"माझा काढला तरी असाच येईल," डॉक्टर म्हणाले. "मेंदू जागा आहे. वरून खाली हातापायांना जाणारी वाटच तेवढी बंद पडली आहे. डोळे वरखाली करण्याचा धागा कसा कोण जाणे शिल्लक राहिलाय."

"मग पहिल्यांदाच का नाही कळलं?" मी फटकन विचारलं. आई मला कोपरानं ढोसायला लागली.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "हात हलव म्हटलं आणि हलला, तर आम्ही म्हणतो कळतंय. नाही हलला तर म्हणतो कळत नाही. बाहेरून दुसरं काय बघणार? हा कागदसुद्धा एवढंच सांगतो की मेंदू काम करतोय. आत तुमच्या आत्या आहेत हे कागदानं नाही सांगितलं, त्यांनी सांगितलं."

माझ्या भाचीची मुलगी आता याच विषयात शिकते आहे. ती सांगते, हल्ली निपचित पडलेल्या माणसाला मोठ्या यंत्रात निजवून विचारतात, स्वतःच्या घरातून फिरतो आहेस असं मनात आण; आणि कुणाकुणाच्या मेंदूतला तो तो भाग पडद्यावर खरंच उजळतो. मी तिला म्हटलं, उजळलेला दिसला, पण त्या माणसाला त्याचं घर कसं दिसत होतं ते दिसलं का? ती म्हणाली, "आजी, तिथंच तर सगळं घोडं अडलंय." एवढी शिकलेली पोरं तिथंच अडली आहेत हे ऐकून मला बरं वाटलं की भीती वाटली, मला सांगता येणार नाही.

पुढं आम्ही मुळाक्षरं म्हणत जायचो आणि हव्या त्या अक्षराला आत्या डोळे वर करायची. एकेका वाक्याला अर्धी दुपार जाई. तिचा स्वभाव काही मऊ झाला नव्हता. पहिल्याच आठवड्यात तिनं अक्षर अक्षर जोडून 'घंगाळ' सांगितलं, आणि काशीमामीला ते टेम्पोत घालून आणून द्यावं लागलं. आईनं वचन पाळलं, निदान आत्याच्या देखत तरी. मी एकदा धीर करून विचारलं, सगळ्यांत वाईट कधी वाटलं गं? नळी बंद केली तेव्हा? तिनं डोळे मिटले. नाही. मग मी अक्षरं म्हणत गेले आणि ती सांगत गेली. मी हो म्हणायचे आणि तुम्ही रडायचे, असं काहीसं ते वाक्य होतं. शेवटच्या अक्षराला पोचेपर्यंत मला पुढचं दिसेनासं झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात झोपलेल्या माणसासमोरही कुणी त्याच्याबद्दल बोलत नाही. सुना हसतात, पण तसंच वागतात.

आत्या त्यानंतर काही वर्षं जगली. पडवीतच तिची बाज असे, आणि फुलं निवडायचं काम शेवटपर्यंत तिच्याकडेच होतं. मी एकेक समोर धरायचे आणि ती डोळ्यांनी पास-नापास करायची. अशीच एका उन्हाळ्यात सकाळी ती गेली. ओळखीचे डॉक्टर आले, नाडी पाहिली, छाती तपासली, म्हणाले, संपलं. गुरुजी आले, बांबू आले, मळ्याच्या बांधावर माणसं जमली. पण नानांनी तिच्या पापण्या कुणाला मिटू दिल्या नाहीत. ते बाजेच्या डाव्या अंगाला, माझ्या जागेवर, खाली जमिनीवर बसले. करंडीतून मोगऱ्याचं एक फूल घेतलं आणि तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"आक्का, हायेस का गं?"

गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, "नाना, ऊन चढतंय. आवरायला हवं."

तेव्हा काशीमामी, आता पार वाकलेली, काठी टेकत पुढं आली आणि गुरुजींच्या समोर उभी राहिली. "थांबा," ती म्हणाली. "त्याला विचारू द्या. नीट विचारू द्या."

नानांनी करंडीतून काठ डागाळलेलं एक फूल शोधलं आणि तेही धरून पाहिलं. मग पुन्हा चांगलं धरलं. देवळालीकडून तोफेचा आवाज आला, कुणी हललं नाही. ते फूल नानांच्या बोटांत कोमेजेपर्यंत आम्ही सगळे, डॉक्टरसुद्धा, तिच्या डोळ्यांकडे बघत उभे होतो.